गुरूचे पट्टे, कराडची गच्ची: एका सीझनच्या नोंदी

आधीच सांगतो, मी काही खगोलवाला माणूस नाही. कराडात फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे वाढदिवस छापतो. पण २०१० मध्ये गुरूचा दक्षिणेकडचा अख्खा पट्टा गायब झाला होता, मग नोव्हेंबरमध्ये फिलिपिन्सच्या ख्रिस्तोफर गो यांनी घरच्या दुर्बिणीतून तिथे एक पांढरा ठिपका टिपला आणि त्यानंतर बघता बघता पट्टा परत भरला, हे वाचल्यापासून डोक्यात किडा होता. पृथ्वीपेक्षा रुंद पट्टा पुसला जातो आणि परत येतो, आणि हे गच्चीवरून बघता येतं! तर या सीझनला ठरवलं की नुसता बघायचा नाही, दर आठवड्याला नोंद ठेवायची आणि काय बदलतं ते पकडायचं. खाली ती वही जशीच्या तशी टाईप केलीय, चुका गाळलेल्या नाहीत. कुणी करणार असेल तर निदान माझ्या चुका तरी करू नका, स्वतःच्या नवीन करा.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

दुर्बीण आली. आठ इंची डॉब्सोनियन (थोडक्यात डॉब: आरशांची, हाताने ढकलून फिरवायची दुर्बीण), फोकल लेंथ १२०० मिमी, सेकंडहँड, ३४,००० रुपये. पुण्याहून मित्राच्या इकोमधून दोन गोधड्यांत गुंडाळून आणली. आई म्हणाली, "एवढ्या पैशात गिझर आला असता की रं." मुद्दा बरोबर होता, गप्प बसलो.

गुरू साडेनवाला उगवतो पण लगेच बघण्यात अर्थ नाही, खाली असताना नुसता उकळत असतो. साडेबारापर्यंत थांबलो. ६ मिमी आयपीस (डोळा लावायचं भिंग) म्हणजे २०० पट. पेन्सिलीने ओढल्यासारख्या दोन रेघा, चार चंद्र, आणि मध्ये सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. मुलगी (नववीत आहे) म्हणाली, "पप्पा, फोटोतल्यासारखा का नाही दिसत?" तिला हिशोब सांगितला की २०० पटीला गुरू डोळ्याला साध्या चंद्राच्या जवळपास पाचपट मोठा दिसतो. तिने परत डोळा लावला आणि म्हणाली, "खोटं." कोणालाच पटत नाही हे, मलाही पटत नाही, पण गणित तेच आहे.

३ नोव्हेंबर

दिवाळीत दोन रात्री फटाक्यांचा धूर, काही नाही. आज बरं होतं म्हणून पहिल्यांदा चित्र काढायला बसलो. बायकोची बांगडी कागदावर ठेवून गोल काढला आणि पट्टे भरले. सकाळी बघतो तर पट्टे विषुववृत्तापासून फारच लांब गेलेले. तासभर डोकं खाजवलं. गुरू गोल नाहीच! इतका जोरात फिरतो (दहा तासांच्या आत एक फेरी) की कमरेत फुगलाय: आडवा व्यास १,४२,९८४ किमी, उभा १,३३,७०८. म्हणजे आडवं ६४ मिमी तर उभं ६० मिमी. दुकानात कोरेलमध्ये दोन मिनिटांत अंडाकृती साचा केला, एका ए-फोरवर सहा, खाली तारीख, वेळ, हवा, कुठला आयपीस याच्या रिकाम्या जागा, शंभर कॉप्या मारल्या. फ्लेक्सवाल्याने बांगडी वापरावी म्हणजे कमाल आहे.

९ नोव्हेंबर

इलेक्शन. विधानसभेचं मतदान २० तारखेला, दुकान रात्री दोनपर्यंत चालू. गच्चीवर जायला वेळ नाही. पैसे मात्र चांगले मिळतायत, त्यातून कॅमेरा घ्यायचा विचार आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल निकाल लागला, मग "हार्दिक अभिनंदन"चे फ्लेक्स. आज सुटलो.

आणि आता कळतंय की याच मधल्या काळात, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दक्षिण विषुववृत्तीय पट्ट्यात (सगळे एसईबी म्हणतात, मीही तेच म्हणणार) मधोमध पांढऱ्या ढगांचा उद्रेक सुरू झाला. मी तेव्हा उमेदवारांच्या मिशा काळ्या करत होतो.

आज मुद्दाम शोधलं. लाल ठिपक्याच्या (ग्रेट रेड स्पॉट, गुरूच्या दक्षिण भागातलं प्रचंड वादळ) मागच्या बाजूला पट्ट्यात काहीतरी खरबरीत, तुटक दिसलं असं वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं, शपथ घेणार नाही. चित्रात मात्र मी तो पट्टा "उत्तर" म्हणून लिहिला आणि खाली ठिपका काढला. आता ग्रेट रेड स्पॉट उत्तरेला असतो का? तिथून पुढची नोंद.

२५ नोव्हेंबर

दिशांचा घोळ. पुस्तकी नियम असा की या दुर्बिणीत चित्र उलटं, दक्षिण वर. मी तोच धरून आतापर्यंतची चित्रं काढली. पण हा नियम दक्षिणेकडे तोंड करून बघणाऱ्यांचा आहे. यंदा गुरू वृषभेत, रोहिणीच्या जवळ, आणि कराडवरून तो डोक्यावरून जाताना खस्वस्तिकाच्या (बरोबर माथ्यावरच्या बिंदूच्या) जरा उत्तरेलाच जातो. शिवाय डॉबचा आयपीस बाजूला असतो, त्यामुळे रात्र सरकेल तसं चित्र डोळ्यासमोर कलत जातं. माझ्या अकरा चित्रांपैकी पाचात उत्तर-दक्षिण अदलाबदल झालीय, आणि कुठल्या पाचात हे लाल ठिपका दिसला तेवढ्या दोनातच खात्रीने सांगता येतं. बाकीची फुकट.

उपाय एकदम सोपा. दुर्बीण ढकलायची थांबवायची आणि गुरू कुठल्या बाजूने बाहेर पळतोय ते बघायचं. ती पश्चिम. दोन आरशांच्या दुर्बिणीत ती बाजू उजवीकडे धरली की उत्तर वर, डावीकडे धरली की दक्षिण वर. ग्रहावरचे ठिपकेही त्याच दिशेने सरकतात, म्हणजे डबल खात्री. आता साच्यावर एक बाणच छापलाय, बाण काढल्याशिवाय चित्र सुरू करायचं नाही.

२८ नोव्हेंबर

चित्र अजूनही मऊच येतं. कोलिमेशन (आरशांची एकमेकांशी जुळणी) बिघडलं असणार म्हणून लेझर कोलिमेटर मागवला, १,९०० रुपये. दोन रात्री त्याने आरसे लावले, आणि गुरू आधीपेक्षा वाईट! शेवटी लेझर फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या नळीत) गोल फिरवून बघितला तर खालच्या आरशावरचा लाल टिपका जागेवर न राहता रुपयाएवढं वर्तुळ काढत होता. म्हणजे लेझरच वाकडा आणि मी त्या वाकड्याच्या हिशोबाने सरळ आरसे वाकडे केले.

पेटीत परत टाकला. त्याऐवजी फोकसरमध्ये बसेल असं प्लॅस्टिकचं बूच, मधोमध सुईने भोक, त्यातून बघून आरसे एकात एक बसवले. मग ब्रह्महृदय ताऱ्यावर फोकस जरासा बाहेर काढून बघितलं, कडी एकमेकांत मधोमध येईपर्यंत मागचे स्क्रू पाव-पाव फेरा. मुलगी स्क्रू फिरवते, मी डोळा लावून "थांब, उलटं, अजून थोडं" असं ओरडतो. पाऊण तास गेला, एक पैसा नाही.

६ डिसेंबर

चार-पाच दिवस ढग, बंगालच्या उपसागरातल्या वादळाचं उरलंसुरलं इकडे आलं. त्या वेळात आरशाचा पंखा केला. आरसा दिवसभर घरात गरम झालेला असतो, थंडीत नेला की त्याच्या तोंडावर गरम हवेचा थर बसतो आणि सगळं थरथरतं. दुकानातल्या मेलेल्या कॉम्प्युटरचा १२० मिमीचा पंखा काढला, गाडीच्या जुन्या बॅटरीवर चालतो. पहिल्यांदा स्क्रूने घट्ट बसवला, चालू केल्यावर गुरूच्या दोन प्रती दिसायला लागल्या इतकं व्हायब्रेशन. मुलीचे केसांचे चार रबर घेतले, पंखा त्यावर लटकवला, काम झालं. आता सूर्य मावळला की दुर्बीण गच्चीवर, पंखा चालू, आणि बघायला सुरुवात दीड-दोन तासांनी. सात आठवड्यांतली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सुधारणा.

७ डिसेंबर, शनिवार

प्रतियुती. गुरू आज सूर्याच्या बरोबर समोर, बिंब ४८ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), याहून मोठा यंदा दिसणार नाही. आकाश धुतल्यासारखं लख्ख, तारे चमचम करतायत, सगळं घर गच्चीवर, बायकोने चहाचा थर्मास आणलेला. आणि गुरू? तव्यावरच्या तेलासारखा. तारे चमचम करतायत म्हणजेच हवा हलतेय, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसरी गंमत: साडेबाराच्या सुमाराला तो अगदी डोक्यावर येतो, आणि डॉब नेमकी तिथे अडते. नळी सरळ वर उभी झाली की डावी-उजवीकडे ढकलायला हातात काही राहतच नाही, दुर्बीण स्वतःभोवती गरगरते आणि गुरू निसटतो. सगळे म्हणतात ग्रह जितका वर तितका चांगला, खरंय, पण डॉबवाल्याने ५० ते ७० अंशांवर असतानाच काम उरकावं. आम्ही त्या रात्री पाच वेळा हरवला.

११ डिसेंबर

धुकं. नदीकडून संगमाच्या बाजूने असं आलं की समोरच्या बिल्डिंगची लाईट पिवळा गोळा झाली. झोपायलाच निघालो होतो, सवयीने एकदा डोळा लावला.

बापरे. गुरू अंधुक होता पण हलत नव्हता. छापल्यासारखा. एनईबीच्या (उत्तर विषुववृत्तीय पट्टा) खालून निळसर धागे सुटून मधल्या पांढऱ्या भागात वाकलेले, एसईबीच्या आत दोन थर वेगळे, त्यात मध्ये फिकट गोळे, वर ध्रुवाकडे राखाडी रंगाच्या बारीक पायऱ्या. मी वीस मिनिटं चित्र काढायचंच विसरलो. मग मुलीला उठवलं, तिने शाल गुंडाळून माझ्यापेक्षा चांगलं काढलं. धुकं म्हणजे हवा थिजलेली, ग्रहांना प्रकाश कमी पडत नाही, थिजलेली हवा पाहिजे असते. पुढच्या आरशावर आणि फाईंडरवर (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर) मात्र दव साचलं, हेअर ड्रायर एक्स्टेन्शन लावून वर नेला. आईने खालून विचारलं की एवढ्या रात्री केस कुणाचे वाळवतोय.

१५ डिसेंबर

कॅमेरा आला. आयएमएक्स ४६२ सेन्सरवाला, वापरलेला, १६,५००. सोबत फोकल लेंथ दुप्पट करणारं बार्लो भिंग, ३,२००. गिझरचा विषय परत निघाला.

माझ्या डॉबला मोटर नाही, म्हणजे गुरू स्क्रीनवर थांबत नाही, एका कडेने येतो दुसऱ्या कडेने जातो. आधी वाटलं जमणारच नाही, पण हिशोब केला: बार्लोसकट २४०० मिमी, एक पिक्सेल म्हणजे साधारण पाव आर्कसेकंद, गुरू १९० पिक्सेल रुंद, आणि १९२० पिक्सेलच्या लांब बाजूने सरकायला त्याला अर्धा मिनिट लागतो. अर्धा मिनिट म्हणजे भरपूर.

पहिली रात्र पूर्ण वाया. जुन्या लॅपटॉपला यूएसबी २, पूर्ण फ्रेम घेतली तर सेकंदाला १९ फ्रेम. मग फ्रेमची उंची ४०० पिक्सेलवर कापली, ५० च्या आसपास फ्रेम मिळायला लागल्या. पण आता पट्टी इतकी अरुंद की गुरू तिरका सरकला तर मध्येच वरून बाहेर. म्हणून कॅमेरा फोकसरमध्ये फिरवून सरकण्याची दिशा आणि पट्टी जुळवायला लागते, आणि मोटर नसल्याने चित्र कलत जातं तसं दर पंधरा-वीस मिनिटांनी परत. फाइलला एक जीबीच्या वर जागा लागते. हे आत्ता लिहून ठेवतोय कारण पुढे याच जागेपायी माती खाल्ली.

२२ डिसेंबर

प्रोसेसिंग शिकतोय. पिपमध्ये सगळ्या फ्रेम मध्ये आणायच्या, ऑटोस्टॅकर्टमध्ये चांगल्या पाव-एक निवडून एकावर एक, रजिस्टॅक्समध्ये धार. किती वेळाच्या फाईली एकत्र करायच्या? मी उत्साहात दहा मिनिटांच्या केल्या, सगळं आडवं फासलेलं. गुरू मिनिटाला ०.६ अंश फिरतो, म्हणजे बिंबाच्या मधोमध असलेला ठिपका माझ्या कॅमेऱ्यात मिनिटाला बरोबर एक पिक्सेल सरकतो. दहा मिनिटं म्हणजे दहा पिक्सेल. आता तीन मिनिटांत चार फाईली, बस. विनजुपोसने फिरकी काढून टाकता येते म्हणतात, त्यात अजून पडलो नाही.

२८ डिसेंबर

रजिस्टॅक्सचे स्लायडर म्हणजे आमच्या धंद्यातलं शार्पन. गिऱ्हाईक म्हणतं अजून शार्प करा, अजून करा, आणि शेवटी आजोबांच्या गालावर खवले येतात. तेच केलं. पहिल्या दोन स्लायडरना पूर्ण ओढलं आणि गुरूवर नवीन चार पट्टे आले, कडेला कांद्यासारखी सालं, आणि ठिकठिकाणी पांढरे ठिपके. मी ते ग्रुपवर टाकले, "नवीन वादळं??" असं लिहून. एका जुन्या माणसाने एवढंच विचारलं की दुसऱ्या फाईलमध्ये आहेत का. नव्हते.

नियम केला: सलग दोन फाईलींमध्ये नसेल तर ते ग्रहावर नाही, माझ्या माऊसमध्ये आहे.

२ जानेवारी २०२५

याहून लाजिरवाणी गोष्ट. डिसेंबरच्या मध्याला आणि शेवटाला घेतलेले फोटो शेजारी ठेवले, एनईबी विटकरी होता तो चॉकलेटी झालेला. मोठा बदल! वहीत लाल पेनने लिहिलं. मग आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिला सगळं पिवळं दिसायचं ते आठवलं आणि सेटिंग्ज बघितल्या. पहिल्या रात्री कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर. वीस वर्षं रंगात काम करणारा माणूस मी, गिऱ्हाइकाला सांगतो की मोबाईलवर दिसतो तसा छापून येणार नाही, प्रोफाईल वेगळं असतं, आणि स्वतः ऑटोवर.

आता: लाल-निळ्याची किंमत हाताने ठरवून सेव्ह केली, दर रात्री आधी ब्रह्महृदयाची छोटी फाईल घ्यायची (रंगाने सूर्याच्या जवळपास आहे), ती तशीच आली तरच पुढे. रजिस्टॅक्सचेही स्लायडर एकाच जागी सेव्ह, हात लावायचा नाही, फोटो कुरूप आला तरी चालेल. सगळे फोटो सारखेच कुरूप पाहिजेत, मगच वेगळं काय ते कळेल. लाल पेनची ओळ खोडली.

५ जानेवारी

मित्राच्या मळ्यात नेली, गच्चीच्या स्लॅबची ऊब नको म्हणून. जागा झकास. अकराला शेजारच्या तुटलेल्या उसाचं पाचट पेटवलं. काळी कुसळं तरंगत आली ती थेट नळीत. पोटात गोळा आला, झाकण लावून घरी. आरसा लगेच पुसायचा नाही हे माहीत होतं, ब्लोअरने जेवढं गेलं तेवढं घालवलं, बाकी राहू दिलं. थोड्या राखेने काही फरक पडत नाही, पुसल्याने पडलेल्या ओरखड्यांनी पडतो.

९ जानेवारी

ॲपने लाल ठिपका मधोमध यायची जी वेळ दिली त्याला मी तयार, आणि ठिपका नाही. अर्ध्या तासाने आला. ॲप जुनं, त्यात गेल्या वर्षीचा रेखांश, आणि ठिपका दर महिन्याला दीड-दोन अंश मागे सरकत राहतो. आता ॲप बाजूला, स्वतः घेतलेली वेळ आणि त्यात ४९ तास ३८ मिनिटं मिळवायची (पाच फेऱ्या), म्हणजे दोन दिवसांनी साधारण एक तास ३८ मिनिटं उशिरा. वहीच्या पाठीमागे तक्ता केलाय, मिनिटभर इकडेतिकडे बरोबर येतो.

१३ जानेवारी, भोगी

बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोणी, पोट तट्ट. पौर्णिमा, ग्रहांना काय फरक पडत नाही. आठला सुरू, दहापर्यंत एकोणीस फाईली. थंडी मस्त, हवा दहापैकी सहा.

एका स्टॅकमध्ये (एकावर एक रचलेल्या फ्रेमच्या चित्रात) उत्तरेकडे, एनईबीच्या वर जिथे उत्तर समशीतोष्ण पट्टा असायला पाहिजे (एनटीबी, सीझनभर जवळजवळ नव्हताच तिथे), एक पांढराशुभ्र कण. अठ्ठावीस डिसेंबरची अक्कल आठवली. म्हटलं आला परत रजिस्टॅक्सचा पांढरा ठिपका. दुसऱ्या फाईलशी ताडून बघायचा माझाच नियम होता, पण झोप आली होती, आणि लॅपटॉपमध्ये चार जीबी उरले होते. सकाळी २६ जानेवारीच्या फ्लेक्सची डिझाईन उघडायला जागा पाहिजे म्हणून ११ ते १३ तारखेच्या सगळ्या कच्च्या फाईली डिलीट. रिसायकल बिनसुद्धा.

१९ जानेवारी, रविवार

तो खरा होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच एनटीबीच्या दक्षिण कडेवरच्या जेटमध्ये (वेगवान वाऱ्याच्या झोतात) उद्रेक सुरू झालाय. असे याआधी २००७, २०१२, २०१६, २०२० मध्ये झालेले, म्हणजे चार-पाच वर्षांतून एकदा येणारी गोष्ट. खालून ढगांचा लोट वर फुटतो आणि गुरूवरच्या सगळ्यात वेगवान वाऱ्यावर, ताशी ६०० किमीच्या आसपास, बसून पळत सुटतो. मी त्याला माझ्या माऊसची घाण समजून कचऱ्यात टाकला. चेष्टा म्हणजे खोट्या वादळांनी पोळलो नसतो तर हा खरा लगेच ओळखला असता.

हातात काय उरलंय तर त्या स्टॅकची एक जेपीजी. फाईलच्या नावात वेळ आहे म्हणून रेखांश निघतो, म्हणून मोबाईलशी लॅपटॉपचं घड्याळ ताडलं, तर लॅपटॉप चार मिनिटं पुढे. चार मिनिटं म्हणजे २.४ अंश. ते वजा केलं, पण घड्याळ तेराला किती पुढे होतं कुणास ठाऊक. वहीत त्या मोजमापापुढे प्रश्नचिन्ह.

२१ जानेवारी

पाठलाग. लाल ठिपक्याचा तक्ता वापरून ठिपका कधी येईल ते काढलं आणि मुलीला सोबत घेऊन बसलो. आला नाही. साडेअकरा वाजता कंटाळून खाली.

चूक परत माझी. गुरूवर एकच घड्याळ नाही. मधला पट्टा ९ तास ५० मिनिटांत फिरतो, बाकीचा ९ तास ५५ मध्ये, लाल ठिपका दुसऱ्या घड्याळावर चालतो. हा लोट तर पहिल्यापेक्षाही पुढे, दिवसाला साधारण ५ अंशांनी. लाल ठिपक्याच्या घड्याळाने मोजलं तर दिवसाला साडेबारा अंश, म्हणजे रोज वीसेक मिनिटं आधी. मी आठ दिवसांचा हिशोब धरला नव्हता, पाहुणा अडीच तास आधीच येऊन गेलेला.

२४ जानेवारी

सापडला! पावणेनवाला नुसत्या डोळ्याने आयपीसमधून, फोटो नाही. एनईबीच्या वर, रिकाम्या फिकट भागात, मोहरीपेक्षा लहान एक लखलखीत दाणा, आणि त्याच्या मागे पुसट काळसर शेपटी. मुलीने बघितला, मग बायकोने, मग मी परत. तो बिंबाच्या बरोबर मधोमध आला ती वेळ मुलीने मोबाईलवर घेतली, मी "आत्ता" म्हणालो तेव्हा नाही, तिला स्वतःला वाटलं तेव्हा, आणि माझ्यात-तिच्यात तीन मिनिटांचा फरक पडला. दोन्ही लिहून ठेवल्या. फाईली चौदा, एकही डिलीट केलेली नाही, दोन टीबीची बाहेरची हार्डडिस्क आजच ५,८०० ला आणली.

१६ फेब्रुवारी

मधल्या सगळ्या नोंदी लिहीत नाही, शिवजयंतीचे फ्लेक्स चालू आहेत. थोडक्यात: जानेवारीच्या शेवटापासून त्या जागी आधी गडद ठिपक्यांची माळ, मग माळेची तुटक रेघ, आणि आता नोव्हेंबरात जिथे काही नव्हतं तिथे सलग पातळ पट्टा. व्हाइट बॅलन्स तोच, स्लायडर तेच, ब्रह्महृदय तसंच. तरी लाल पेन काढायच्या आधी तीन रात्रींच्या सहा फाईली ताडल्या.

नवीन पट्टा जरा केशरीकडे झुकतोय असं वाटतं. याआधीच्या उद्रेकांनंतरही तसाच रंग आला होता. मुलगी म्हणते सरळ केशरी आहे, मी "फिकट तपकिरी" लिहिलंय. वाद मिटला नाही म्हणून दोघांचंही लिहिलं.

१६ मार्च

गुरू संध्याकाळीच डोक्यावरून पुढे गेलेला असतो, बिंब ३८ आर्कसेकंदांवर आलं, कॅमेऱ्यात दीडशे पिक्सेल. गच्चीचा स्लॅब आता रात्री दहालाही गरम. एनटीबी अजून आहे. एसईबीचा गोंधळ शांत वाटतोय, पण खात्रीने बोलण्याएवढी हवा एका रात्रीही मिळाली नाही.

हिशोब: दुर्बीण, कॅमेरा, बार्लो, लेझर, हार्डडिस्क मिळून ६१,४००. त्यातले लेझरचे १,९०० पाण्यात. चित्रं ५३, त्यातली धरण्यासारखी चाळीसेक. रात्री किती ते मोजल्या नाहीत, बायकोने मोजल्यात.

जूनमध्ये गुरू सूर्याआड जाईल, पुढची प्रतियुती १० जानेवारी २०२६, मिथुनेत. तोपर्यंत: आरसा धुवायचा (पाचटाची राख अजून आहे), विनजुपोस शिकायचं, लॅपटॉपचं घड्याळ रोज नेटवरून आपोआप जुळेल असं करायचं. १३ जानेवारीची ती जेपीजी मी दुकानात ए-थ्रीवर छापून भिंतीला लावलीय. गिऱ्हाइकं विचारतात हा कुणाचा वाढदिवस. आणि काल गिझर बुक केला.